राजगड ते तोरणा एका दिवसात: या चुका टाळा

राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरायचं, डोंगरधार धरायची, मधला डांबरी रस्ता ओलांडायचा आणि बुधला माचीकडून तोरण्यावर चढायचं. गड ते गड सहा ते आठ तास, शिवाय तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्हे गावात उतरायचे दोन-अडीच तास वेगळे. पाठीवर सॅक आणि सोबत दहा-बारा जण असले की या वाटेवर सगळ्यात जास्त त्रास होतो तो गट फुटल्याने.

हे कसं घडतं ते नीट बघा. पुढचे चार जण झपाझप चालतात, सावली बघून बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. दहा मिनिटांनी शेवटचा मेंबर धापा टाकत येतो आणि त्याला बघताच पुढचे उठतात, ‘चला, आले सगळे!’ म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज होती, त्याला ती दिवसभरात एकदाही मिळत नाही. दुपारपर्यंत त्याच्या पायात गोळे येतात आणि मग सगळ्यांचाच वेळ जातो. उपाय सोपा आहे. सगळ्यात हळू चालणाऱ्याला लीडच्या, म्हणजे पुढे वाट दाखवणाऱ्याच्या, लगेच मागे ठेवा आणि चाल त्याची धरा. थांबल्यावर विश्रांतीचा वेळ शेवटचा माणूस बसल्यापासून मोजा. त्याची सॅक जड असेल तर तंबू किंवा भांडी दुसऱ्याने घ्यावीत, त्यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही. सगळ्यात मागे अनुभवी माणूस हवा, आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडेच हवी. पुढे पळणाऱ्याजवळ ती असून काय उपयोग? वाटेला फाटा फुटला की मागचा दिसेपर्यंत कुणीही पुढे जायचं नाही, हे सकाळीच सगळ्यांना बजावून सांगा.

दुसरी चूक उशिरा निघण्याची. पोहे, चहा, आवराआवर करता करता नऊ वाजतात. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे हिशोब उलटा मांडा: अंधाराआधी वेल्ह्यात पोहोचायचं तर तोरणा साडेतीनला सोडायला हवा, त्यासाठी अडीचपर्यंत गडावर असायला हवं, म्हणजे राजगडावरून उजाडताच, सातच्या आत निघायला हवं. राजगडावर मुक्काम करता येईल का, ते आधी चौकशी करून ठरवा. डांबरी रस्त्याला पोहोचायलाच दुपारचा एक वाजला, तर तोरण्याचा हट्ट सोडून तिथूनच रस्त्याने वेल्हे गाठा. हा निर्णय तिथेच घेता येतो. बुधल्याच्या चढाला लागल्यावर मागे फिरणं फार जड जातं.

पाणी माणशी किमान तीन लिटर, मार्चनंतर चार ते पाच. धारेवर खात्रीचं पाणी नाही. वाटेत कुणाकडे ताक-सरबत मिळालं तर आनंदाने घ्या, पण त्याच्या भरवशावर बाटल्या कमी नेऊ नका. ओआरएसच्या बाबतीत एक चूक वारंवार दिसते: एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतायची. ते द्रावण फार तीव्र होतं आणि उलटी होऊ शकते. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या आणि घोट घोट प्या. गोळे आलेल्याला बसवा, पाय सरळ करून चवडा हळूच त्याच्याकडे ओढा. उन्हाने कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तर तो साधा थकवा समजू नका. त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि ११२ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

वाट चुकली तर? पावसाळ्यानंतर गवत आणि कारवी माजलेली असते आणि ढोरवाटा मळलेल्या वाटेसारख्याच दिसतात. बराच वेळ वाट दाखवणारा बाण दिसला नाही, वाट धार सोडून उतारावर आडवी जाऊ लागली की थांबा. खात्रीच्या शेवटच्या खुणेपर्यंत सगळ्यांनी मिळून मागे या. ओढ्याने खाली उतरलं की गाव लागेल, हा विचार सह्याद्रीत जिवावर बेततो. हा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा आहे, त्यामुळे बराच उतरल्यावर ओढा अचानक कड्यावरून सुटतो आणि वर चढायलाही जमत नाही.

कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर गप्प पुढे सरका. धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

नवे कोरे बूट या ट्रेकला घालू नका, आणि तोरण्याच्या बिनी दरवाज्याखाली उतरताना नखं वाढलेली असतील तर अंगठे सोलून निघतात. त्या कातळटप्प्यांवर रेलिंग आहे, एकेकाने धरून उतरा. टॉर्च प्रत्येकाकडे स्वतःचा हवा.

गाडी राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात लावून वेल्ह्यात उतरायचा बेत असेल, तर परतीची सोय आधीच ठरवून ठेवा. दोन्ही रस्ते मार्गासनीला मिळतात, पण संध्याकाळी वेल्ह्यातून गुंजवण्याला थेट वाहन मिळेलच असं नाही. सरळ वेल्ह्यात गाडी ठेवून सकाळी जीपने गुंजवण्याला गेलेलं बरं.