टर्बो बसवण्याआधी रिंगची गॅप वाढवा

फोर्ज्ड पिस्टन, कनेक्टिंग रॉड सगळं बदललं, पण पिस्टन रिंगची गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) जुन्याच मापावर ठेवली तर इंजिन लवकर बसतं. टर्बोच्या उष्णतेने रिंग फुगते, तिची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची लँड (रिंगच्या खाचांमधली कड) तुटते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ च्या वरही जातो, त्यामुळे इथे तर काटकसर नकोच.

१. होनिंग (सिलिंडर आतून घासून नीट करणं) झाल्यावरच मापा. रिंग बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) घाला, उलट्या पिस्टनने साधारण २५ मिमी खाली सरळ ढकला आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा.

२. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनात वरच्या रिंगला बोअरच्या व्यासाच्या ०.००४ पट गॅप लागते, टर्बोला ०.००५ ते ०.००६ पट. म्हणजे ७५ मिमी बोअरला ०.३८ ते ०.४५ मिमी. पिस्टनसोबत तक्ता आला असेल तर तोच पाळा. दुसऱ्या रिंगला किंचित जास्त ठेवा.

३. कानस एकाच टोकावर, बाहेरून आत चालवा. उलट चालवली की कोटिंगचे पापुद्रे निघतात. कडेची बर (घासल्यावर उरलेला धातूचा कंगोरा) काढा. प्रत्येक रिंगवर सिलिंडरचा नंबर टाका.

दोन-तीन हात मारले की पुन्हा मापा. जास्त घासलेली रिंग फेकावीच लागते.