वॉर्ड चकचकीत, कठडा तसाच: सफाई तपासताना या चुका टाळा

"फरशीत तोंड दिसतंय की!" असं कुणी कौतुकानं म्हटलं की मी टॉर्च काढते. रुग्ण फरशीला हात लावत नाही. त्याचा हात पडतो पलंगाच्या कठड्यावर, बेलच्या बटणावर, संडासाच्या कडीवर. एमआरएसए, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू अशा कोरड्या जागी आठवडेच्या आठवडे तग धरतात आणि डोळ्यांना जागा स्वच्छच दिसते.

खुणा ठरलेल्या जागी लावणं. ही चूक माझीच. अतिनील टॉर्चखाली चमकणाऱ्या पारदर्शक जेलचे ठिपके सफाईआधी गुपचूप लावायचे आणि नंतर टॉर्च मारायचा. ठिपका गेला, म्हणजे तिथं फडकं फिरलं. मी दर सोमवारी कठड्याची बाहेरची बाजू, लॉकरची मूठ आणि दिव्याचं बटण यांवरच ठिपके द्यायची. आकडे चढत गेले, सगळे खूश. एकदा सहज कठड्याच्या आतल्या बाजूला आणि मॉनिटरच्या बटणांवर लावले. टॉर्च मारला तर सगळे ठिपके जसेच्या तसे! मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "मशीनला हात लावायचा नाही असं सांगितलंय ना आम्हाला." सिस्टर म्हणाल्या, "ते मावशी पुसतात." म्हणजे मॉनिटर कुणीच पुसत नव्हतं, आणि माझे कागद मात्र सुंदर.

आता मी जागा चिठ्ठ्या टाकून ठरवते. कोणती वस्तू कोणी पुसायची याची यादी सफाईच्या ट्रॉलीवरच चिकटवलेली असते. आणि टॉर्च आधी मावशींच्या हातात देते. स्वतःच्या डोळ्यांनी चमकणारा ठिपका पाहिला की वेगळं काही सांगावं लागत नाही. टॉर्च मिळाला म्हणून दुसऱ्याच दिवशी मेमो काढत सुटणारे उत्साही लोक मी पाहिलेत. तिथं लोक फक्त ठिपके शोधायला शिकतात.

एटीपी (सजीव पेशींमधलं एक रसायन) मोजणाऱ्या यंत्राचा आकडा म्हणजे जंतूंची मोजदाद समजणं. नव्या मंडळींना या यंत्राचं भारी वेड. ते मोजतं सेंद्रिय अवशेष: अन्न, रक्त, घाम, अगदी मेलेले जंतूसुद्धा. पृष्ठभागावर ब्लीच राहिलं असेल तर आकडा फसवतो. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. एकच यंत्र, एकच जागा, सफाईच्या आधी आणि नंतर, एवढंच मी बघते.

फवारा मारला की लगेच पुसणं. घाईची शिकवण! लेबलवर लिहिलेला वेळ भरेपर्यंत जागा ओली राहायला हवी. मधेच सुकली तर पुन्हा ओली करायची. फवाऱ्याआधी मळ आणि रक्त पुसून काढायचं, नाहीतर ब्लीचमधलं क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. हायपोक्लोराइटचं, म्हणजे ब्लीचचं, द्रावण रोज ताजं करा. टॉयलेटच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

सी-डिफच्या (जुलाब लावणारा आतड्यातला जंतू) रुग्णाच्या खोलीत अल्कोहोल वापरणं. या जंतूचे टणक कवचाचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत. तिथं क्लोरीनच हवं.

एकच फडकं वॉर्डभर फिरवणं. दोनदा घडी घातली की एका फडक्याच्या आठ बाजू मिळतात. बाजू संपल्या की नवं घ्यायचं. वापरलेलं फडकं कुणी परत बादलीत बुडवलं, तर ती अख्खी बादली मी ओतून देते, मग कुणी कितीही कुरकुरो.