आर या प्रोग्रामिंग भाषेत टक्केवारीची बेरीज 300 आली तर

गोव्यातल्या मालीम, कुटबण, शापोरा या तीन जेटींवरच्या मासळीच्या आवकेची जेटी आणि मासळीनुसार बेरीज घेतली, पुढे प्रत्येक ओळीची एकूण आवकेतली टक्केवारी काढली, आणि ती 100 ऐवजी 300 भरली? गणित चुकलेलं नाही; बेरजेसाठी केलेला एक गट अजून मोडलेला नाही, एवढंच.

आरच्या डीप्लायर पॅकेजमधलं बेरीज काढणारं ‘समराइज’ दोनपैकी फक्त शेवटचा गट सोडतं. मासळीचा गट जातो, जेटीचा तसाच राहतो. म्हणून कुटबणचे बांगडे कुटबणच्याच आवकेशी ताडले जातात. कन्सोलवर तशी सूचना येते, पण ती वाचतो कोण!

1. ‘समराइज’च्या कंसात शेवटी ‘डॉट ग्रुप्स’ला ‘ड्रॉप’ द्या.
2. जुन्या कोडला हात लावायचा नसेल तर टक्केवारीच्या आधी ‘अनग्रुप’ची एक ओळ घाला.
3. डीप्लायर 1.1.0 (2023) किंवा त्यापुढचं असेल तर गट पाडणारी ‘ग्रुप बाय’ची ओळ काढूनच टाका आणि ‘समराइज’मध्ये ‘डॉट बाय’ला दोन्ही रकाने द्या. मला हेच बरं वाटतं, मागे गट उरतच नाही.

एक जपा: ‘डॉट बाय’ गट वर्णक्रमाने लावत नाही, डेटात जो आधी आला तो आधी. महिन्यांच्या तक्त्याला ते सोयीचंच; मासळीची नावं क्रमाने हवी असतील तर ‘अरेंज’ लावा.