पाण्यात उतरायच्या बुटांना सोल कोणता: फेल्ट की रबर?

नदीत उभं राहून मासे धरण्यासाठी बूट घ्यायला गेलात आणि दुकानात हात लावून पाहिलं की फेल्टचा सोल मऊ वाटतो, रबराचा दणकट, आणि बरेच जण तेवढ्यावरच बूट उचलतात. खरं तर दुकानात जाण्याआधीच तीन गोष्टी ठाऊक हव्यात: तुम्ही जाणार त्या पाण्यात फेल्ट चालतं का, नदीचा तळ कसा आहे, आणि पाण्यापर्यंत पायी किती जायचंय. क्रमही हाच ठेवा.

१. आधी नियम बघा

फेल्ट म्हणजे दाबून घट्ट केलेले तंतू. ते पाणी शोषतात, आणि पाण्याबरोबर सूक्ष्म जीवही धरून ठेवतात. बूट वरून कोरडा वाटला तरी सोलच्या आत ओल राहते. पुढच्या नदीत उतरलात की आधीच्या नदीतले जीव तिथे पोचतात.

न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं एकपेशीय शैवाल नद्यांमध्ये आढळलं. दगडांवर ते ओल्या लोकरीसारखा जाड थर धरतं. त्याचा फैलाव रोखण्यासाठी तिथे २००८ मध्ये गोड्या पाण्यातल्या मासेमारीत फेल्टच्या सोलवर बंदी आली. अमेरिकेत अलास्काने २०१२ पासून आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने २०१८ पासून तसाच नियम केला. व्हरमाँटने मात्र २०११ मध्ये घातलेली बंदी २०१६ मध्ये उठवली. नियम असे दोन्ही बाजूंना बदलतात, म्हणून प्रत्येक हंगामाआधी त्या ठिकाणचे चालू नियम वाचा. बंदी असेल तर प्रश्नच मिटला: रबर घ्या आणि थेट चौथ्या पायरीवर जा.

२. नदीचा तळ ओळखा

घोळ इथेच होतो, कारण ‘निसरडं’ या एका शब्दात आपण सगळं कोंबतो. बुळबुळीत शेवाळलेला गोटा निसरडा असतो आणि काठावरचा ओला चिखलही, पण दोन्हींवर पाय घसरण्याचं कारण वेगळं.

गोट्यावर दगड आणि सोल यांच्यामध्ये शेवाळाचा पातळ, चिकट पापुद्रा असतो. नुसतं रबर या पापुद्र्यावरच टेकतं, दगडापर्यंत पोचतच नाही. सोलवरच्या खोल खाचांचाही इथे फारसा उपयोग नाही, उलट त्यामुळे दगडाला टेकणारी जागा कमी होते. फेल्टचे तंतू मात्र दगडाच्या उंचसखलपणात दबून बसतात आणि पापुद्रा बाजूला सारून पकड घेतात. मोठमोठे गोल गोटे, वर शेवाळ आणि पाण्याला ओढ असेल, तर साध्या रबरापेक्षा फेल्ट सरस आहे. यात वाद घालण्यासारखं फारसं काही नाही.

चिखलात चित्र नेमकं उलटतं. तिथे खाचा रुतून पकड मिळते. फेल्टला खाचाच नसतात, त्यामुळे उताराच्या काठावर आणि ओल्या गवतावर पाय सरळ खाली जातो. बर्फात तर फेल्ट नकोच. ओल्या सोलला बर्फ चिकटत जातो आणि थोड्याच वेळात तुम्ही गोळ्यांवर उभे असता.

वाळू आणि बारीक खडीच्या तळावर दोन्ही चालतात. तिथे डोकेफोड करू नका.

३. पायी वाट मोजा

गाडीतून उतरून लगेच पाण्यात जायचं असेल तर फेल्टची झीज जाणवत नाही. पण खडकाळ वाटेवरून रोज लांब चालत गेलात तर ते भराभर झिजतं. डोंगरउतार आणि चिखलाच्या पाऊलवाटा असतील तर रबरच सोयीचं. फेल्ट पाणी धरतं म्हणून जडही होतं, आणि परतीच्या वाटेवर ते पायांना कळतं.

४. रबर घेतलंत तर स्टडचा विचार करा

स्टड म्हणजे सोलमध्ये स्क्रूसारखे बसवायचे धातूचे खिळे. टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे टिकाऊ असतात. ते शेवाळाचा पापुद्रा फोडून दगडाला भिडतात आणि रबराची मुख्य उणीव बरीच भरून काढतात. फार कठीण, गुळगुळीत कातळावर मात्र तेही कधी कधी सरकतात. काही बुटांना खिळ्यांऐवजी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. हा धातू मऊ असल्यामुळे दगडाला चांगला धरतो.

बसवताना खिळे टाच, चवडा आणि सोलच्या कडांवर पसरून लावा. भरमसाट लावू नका. वजन वाटलं जातं आणि एकही खिळा नीट रुतत नाही. स्क्रूची लांबी सोलच्या जाडीपेक्षा कमी हवी, नाहीतर टोक आत पायाला लागेल. एक तोटा आधीच लक्षात घ्या: हवा भरलेल्या रबरी नावेत स्टडचे बूट चालत नाहीत आणि लाकडी नावेचा मालकही खूश होत नाही.

५. घालून बघा

वेडरला (पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक विजारीला) जोडलेला जाड मोजा घालूनच माप घ्या. बहुधा नेहमीपेक्षा एक माप मोठं लागतं. पहिल्यांदा गुडघ्याच्या खाली पाणी असेल तिथेच उतरा. एक पाय टेकवा, त्यावर हळूहळू वजन टाका, मगच दुसरा उचला. सोल कुठलाही असो, वाहत्या पाण्यात आधाराची काठी हवीच. चांगल्या सोलवर भाळून काठी घरी ठेवणारे लोक मला कधी कळले नाहीत.

६. नदी बदलण्याआधी बूट धुवा

रबर लवकर सुकतं, पण खाचांत चिखल आणि नाड्यांत शेवाळ अडकतंच. वरचा भागही पाणी शोषतो. आधी ब्रशने घासून सगळा गाळ काढा, तोही त्याच नदीच्या काठावर. मग भांडी घासायच्या द्रव साबणाच्या ५ टक्के द्रावणात बूट पूर्ण भिजवा. फेल्ट असेल तर द्रावण आतपर्यंत मुरायला बराच जास्त वेळ द्यावा लागतो. नंतर आतून-बाहेरून हाताला कोरडे लागेपर्यंत सुकवा आणि त्यानंतर आणखी किमान ४८ तास तसेच ठेवा. फेल्टच्या बाबतीत नुसत्या सुकवण्यावर भिस्त ठेवू नका.

एकाच नदीवर, शेवाळलेल्या गोट्यांत, गाडीपासून जवळच मासे धरणार असाल आणि नियम आड येत नसेल, तर माझं मत फेल्टच्या बाजूने. बाकी बहुतेकांनी स्टड लावलेलं रबर घ्यावं. फेल्ट कडेने सुटू लागलं किंवा झिजून पातळ झालं की नवं चिकटवून घ्या. खिळ्यांची टोकं रबराच्या पातळीला आली की तेही बदला.