ईआयएच्या कामात येताय? खानदेशातला थोडा अनुभव

पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलेली आपल्याकडची मुलं भेटली की विचारतात, ईआयएमध्ये, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याच्या मंजुरीआधीच्या अभ्यासात, नेमकं काम काय असतं? जळगाव-धुळे भागात मी हेच काम करतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे पर्यावरण मंजुरी नव्हे. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे 'अ' वर्गातले प्रकल्प या मंजुरीसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जातात, 'ब' वर्गातले राज्याच्या प्राधिकरणाकडे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे मात्र 1996 चा पेसा कायदा (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) लागू आहे. तिथे गौण खनिजाचा (दगड, वाळू, मुरूम) खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागतेच.

सुरुवातीची वर्षं फिल्डवर जातात. प्रकल्पाभोवती साधारण 10 किलोमीटरचा परिसर, पावसाळा सोडून एक हंगाम. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर हवेचे नमुने घेणारं यंत्र ठेवायचं, 24 तास चालवायचं. रात्री वीज गेली की तो नमुना बाद, म्हणून शिपाईकाकांशी ओळख ठेवा. विहिरींच्या बाबतीत जास्त जपा. आपल्याकडे काळ्या दगडातल्या विहिरीला जानेवारीत असलेलं पाणी मे महिन्यात राहत नाही. तक्त्यात एकच आकडा येतो आणि तो बघून परिसरात पाणी मुबलक आहे असं कुणालाही वाटेल. मी प्रत्येक विहिरीपुढे मालकाला विचारून 'कोणत्या महिन्यात तळ दिसतो' हे लिहितो. तक्त्यात तसा रकाना नसतो, तरी लिहा.

मग जनसुनावणी. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा त्यांचा प्रतिनिधी. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते, आणि मसुदा अहवाल मराठी सारांशासह जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, पंचायतीत बघायला ठेवतात. सुनावणीला कोरम लागत नाही. कुणी आलं नाही तरी ती झाली असंच धरतात, त्यामुळे दवंडी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप या दोन्ही गोष्टींना मी फार महत्त्व देतो.

दगडखाणींच्या एका सुनावणीत रोजगारावर, रस्त्यावर बरीच भाषणं झाली. शेवटी मागून एक आजी उठल्या: "सुरुंगघाई आमनी विहीर आटी गयी ते कोनले सांगानं?" (सुरुंगामुळे आमची विहीर आटली तर कुणाला सांगायचं?) मंडप शांत झाला. लिहून घेणाऱ्याने 'पाण्याबाबत चिंता व्यक्त केली' एवढंच टिपलं होतं. खरं तर आजींनी दोन प्रश्न विचारले होते: सुरुंगाच्या हादऱ्याचा विहिरीवर परिणाम काय होईल, आणि तक्रार कुणाकडे करायची. इतिवृत्त तिथेच लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं, तेव्हा गावातल्या एका शिक्षकांनी हरकत घेतली आणि दोन्ही प्रश्न वेगळे नोंदवले गेले. पुढे प्रकल्पाच्या पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात विहिरींच्या पातळीची नोंद आणि तक्रारीसाठी जबाबदार माणूस, हे दोन्ही आलं. 'चिंता व्यक्त केली' एवढ्यावर ते आलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून अहिराणी, लेवा बोली, पावरी यातली जी येत असेल ती या कामात तुमची जमेची बाजू आहे. मुलाखतीत आवर्जून सांगा. सॉफ्टवेअर नोकरीत शिकता येतं.

नोकरी शोधताना संस्थेला नॅबेटची (ईआयए करणाऱ्या सल्लागार संस्थांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता आहे का, आणि कोणत्या क्षेत्रांसाठी, ते बघा. मुलाखतीला जाण्याआधी परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवरून आपल्याच जिल्ह्यातला एखादा अहवाल उतरवून घ्या. आधी सुनावणीचं इतिवृत्त वाचा, मग त्यातल्या एकेका प्रश्नाचं उत्तर अंतिम अहवालात कुठे दिलंय ते शोधा.