पिरियॉडिक टेबल पाठ होत नव्हतं, मग शब्दकोडी केली

आमच्या इंदूरच्या घरी भाची अकरावीला आहे, एलिमेंट्सची नावं यायची पण सिम्बॉल (एक-दोन इंग्रजी अक्षरांची खूण) आणि ॲटॉमिक नंबर (टेबलमधला क्रमांक) दुसऱ्या दिवशी सगळं साफ. मग मी तिला नुसते नंबर देऊन शब्द ओळखायला लावले, म्हणजे ८४ आणि २ लिहून दिलं की पोलोनियमचा पीओ, हीलियमचा एचई, झाले पोहे! ३४-२३ म्हणजे सेलेनियम नि व्हॅनेडियम, सेव. उसळसाठी ९२-१६-१३, युरेनियम सल्फर ॲल्युमिनियम.

मजा तेव्हा आली जेव्हा तिनेच पोहे दुसऱ्या रस्त्याने काढले, १५-८-२, फॉस्फरस ऑक्सिजन हीलियम, आणि मग जलेबी करायला बसली तर होईचना, कारण ११८ एलिमेंट्सपैकी एकाच्याही सिम्बॉलमध्ये 'J' हे अक्षर नाहीच, हे शोधायला तिने अख्खं टेबल स्वतः पालथं घातलं, जे मी कितीही सांगून तिने केलं नसतं.

नंतर नंबर बंद केले आणि टेबलमधली जागा दिली, चौथा पिरियड (आडवी ओळ) सोळावा ग्रुप (उभा रकाना) म्हणजे कोण? यातूनच ऑक्सिजन, सल्फर, सेलेनियम एका खाली एक का, बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन सगळ्यांचे, हे डोक्यात बसलं. एक मात्र आधीच सांगून ठेवा, ही फक्त अक्षरं जोडणं आहे, कंपाउंड (संयुग) नाही, हीलियम असा कुणाशी जोडला जात नाही. लहान मुलं असतील तर पहिल्या २० एलिमेंट्सवरच कोडी करा.