पगचे कोरडे डोळे: आमच्या गुंड्याचा अनुभव

गुंड्याच्या डोळ्यांत रोज सकाळी चिकट, हिरवट चिपडं साचायची आणि बुबुळावर तपकिरी डाग पसरत चालला होता. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पारा ४० च्या वर, वर धूळ. त्यामुळे जो तो उन्हाला दोष द्यायचा. व्हेटनी मात्र पापणीत कागदी पट्टी धरून अश्रू मोजले. निरोगी कुत्र्याची पट्टी मिनिटभरात साधारण १५ मिमी तरी भिजते, याची १० सुद्धा नाही. म्हणजे कोरडा डोळा.

आता सायक्लोस्पोरिनचं (अश्रू वाढवणारं औषध) मलम डोळ्यात दिवसातून दोनदा, तेही कायमचं. गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर धीर सोडू नका. मधूनमधून कृत्रिम अश्रूंचे थेंब घालतो. नाकावरची घडी ओल्या कापसाने पुसून नीट कोरडी करतो. तिथले केस बुबुळाला घासतात. गळपट्टा काढून हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घेतला, कारण मान ओढली गेली की डोळ्यांवरचा दाब वाढतो.

कळकळीने सांगते, घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब परस्पर घालू नका. बुबुळावर जखम असेल तर डोळा जाऊ शकतो. पग डोळा मिटून धरत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

गुंड्याचा डाग गेलेला नाही, पण पसरायचा थांबलाय.